समुद्राचे कारभारी

ज्या मराठी गृहस्थाने न्यू जर्सीत घर घेतले, त्याचे निम्मे कर्ज फेडले आणि थोरलीला महाविद्यालयात धाडले, त्याच्या ठायी उरलेली कर्तबगारी सहसा महाराष्ट्र मंडळाच्या निवडणुकीत खर्ची पडते. परंतु क्वचित एखादा असा निघतो, की जो तो नाद सोडून तळघरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडतो आणि प्रत्यक्ष समुद्रच आपल्या अंमलाखाली आणतो. त्याला सोयीसाठी कारभारी म्हणू.

कारभाऱ्याच्या टाकीत मासे शोधू नयेत. मासे ही त्याच्या लेखी शागीर्दपेशातील मंडळी. मानाचे आसन गॉर्गोनियन प्रवाळांना, ज्यांचे रूप निष्पर्ण झुडपाचे आणि जात निखालस प्राण्याची. "रोप छान वाढलंय हो," असे पाहुण्याने म्हणायचा अवकाश, कारभारी भिंग काढून एका पॉलिपच्या आठ पिसारेदार स्पर्शिका मोजायला लावतो, आणि आठ भरल्याखेरीज चहा येत नाही. त्याच्या रोजनाम्यात पाण्याची घनता १.०२५ आणि तापमान २५ अंश अशा नोंदी इतक्या काटेकोर असतात, की पेशवे दफ्तरातल्या कारकुनानेही मान डोलवावी. मुलीच्या साखरपुड्याची तारीख त्याच वहीत, 'पंप साफ केला' या नोंदीखाली सापडते.

उमेदवारीच्या काळात तो रंगाला भुलतो. पुष्कळशा लाल-पिवळ्या, देखण्या जातींच्या अंगी प्रकाशावर अन्न सिद्ध करणारी सूक्ष्म शैवाले नसतात. त्यांना दिवसातून अनेकदा सूक्ष्मजीवांचा शिधा द्यावा लागतो, आणि उरल्या शिध्याने पाणी नासते. त्या सावकाश, महिनोन्महिने उपासमारीने दिवंगत झाल्या, की कारभारी शहाणा होऊन दिव्याच्या उजेडावर बव्हंशी पोट भरणाऱ्या, कॅरिबियन समुद्रातल्या जांभळट-करड्या जातींकडे वळतो. मात्र याही मधूनच सारे पॉलिप आत ओढून घेतात, अंगावर मेणचट पापुद्रा धरतात आणि काही दिवसांनी जोराच्या प्रवाहात तो शेवाळासकट टाकून देतात. ही शरीरशुद्धी कारभाऱ्याला मुखोद्गत असते, तरीही दर वेळी सहलीचे आरक्षण रद्द होते, आणि पत्नी बहिणीला फोनवर सांगते, "सध्या आमच्याकडे मिटलंय गं."

परंतु त्याचे खरे स्वरूप प्रकटते ते वंशविस्ताराच्या मुहूर्तावर. धारदार कात्रीने तो फांदी छाटतो, बुंध्याकडची सेंटिमीटरभर मांसल साल खरवडून आतला काळसर, लवचीक कणा उघडा करतो (सालीसकट चिकटवल्यास ती सडते व तुकडा निसटतो) आणि घट्ट सुपरग्लूने चकतीवर उभा करतो. साल पुन्हा खाली उतरून चकतीवर पसरली, की तुकडा दानास योग्य ठरतो. हे दान फुकट असते, आणि त्याहून महाग काही नाही. लेक दिलेल्या घरी बाप जावा तसा तो रविवारी सकाळी तुमच्या दारात हजर. बाप निदान जावयाची विचारपूस करतो, हा थेट टाकीपाशी जाऊन 'प्रवाह अपुरा' असा शेरा मारतो. तुकडा वाढला तर गुण घराण्याचा. मेला तर कसूर तुमची.

पुण्यास आल्यावर मात्र त्याचा अंमल संपतो. भारताने २००१ साली यच्चयावत गॉर्गोनियन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, हे तो मावशीला समजावू लागतो, तोच त्याची दृष्टी दारावर टांगलेल्या 'इंद्रजाल' नामक वाळक्या मुळीवर पडते. ती मुळी नव्हेच; तो प्रवाळाचा सांगाडा असतो, आणि त्याचा व्यापार गुन्हा आहे. वाचकांपैकी कोणी ते विकत घेण्याच्या विचारात असेल, तर कृपया घेऊ नये. वन खात्याची चौकशी एक वेळ परवडेल, कारभाऱ्याची नाही.