मुंबई समोरच आहे!

शिडाच्या बोटीला जगात कुठंही जाता येतं. फक्त वारा जिकडून येतो तिकडं सरळ जाता येत नाही. आणि पावसाळा सरला की कोकण किनाऱ्यावर दुपारचा वारा वायव्येकडून, म्हणजे जवळजवळ मुंबईकडूनच येतो. त्यामुळं मुंबईहून गोव्याला शिडावर जाणं ही सहल असते आणि गोव्याहून मुंबईला परत येणं ही शिक्षा.

ती भोगायला आम्ही तिघं होतो : बँकेतून निवृत्त झालेले कप्तान, माझा मेव्हणा आणि मी. कप्तानांचं दैवत दिलीप दोंदे. कुणी कुरकुर केली की ते सुनावत, "दोंद्यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई'तून एकट्यानं पृथ्वी फिरून दाखवली!" मला यातला 'एकट्यानं' हा शब्द महत्त्वाचा वाटे. त्यांच्याबरोबर मेव्हणा नव्हता.

मालवण, विजयदुर्ग, जयगड असं करत राजपुरीच्या खाडीत जंजिऱ्याजवळ नांगर टाकला, तेव्हा मुंबई चाळीस सागरी मैलांच्या आत आली होती. मेव्हण्यानं लगेच आपल्या बहिणीला फोन लावला, "ताई, उद्या जेवायला घरी. भावजींसाठी काही करू नकोस, माझ्यासाठी सुरमई आण."

जंजिरा कुणाला जिंकता आला नाही हे इतिहासात वाचलं होतं. तो सोडताही येत नाही हे पहाटे कळलं. नांगर चिखलात असा रुतला होता की तिघं मिळून ओढू लागलो तर बोटच खाली जायला लागली. शेवटी भरतीनं तो उपटून दिला. जमिनीवरून येणारा मतलई वारा उजव्या अंगानं शिडात भरला, कोर्लईचा डोंगर मागं पडला आणि मेव्हण्यानं ताईला सुरमई तळायची वेळही कळवली.

रेवदंड्यापुढं समुद्रात थर्माकोलचे तुकडे आणि प्लास्टिकचे कॅन तरंगताना दिसले. "बघा, किती कचरा टाकतात लोक!" मेव्हणा हळहळला. तेवढ्यात एका मचव्यावरून तांडेल ओरडला, "ओ शेठ, जाळं हाय पुढं! भाईर घ्या, भाईर!" आम्ही बाहेर घेईपर्यंत जाळ्याचा दोर पंख्यात गुंडाळला गेला होता. स्वयंपाकाच्या सुरीनं निम्मा निघाला, निम्मा राहिला. कप्तानांनी इंजिन बंद ठेवायचं फर्मान काढलं.

खांदेरीजवळ वाराही पडला. १६७९ साली शिवाजी महाराजांनी या बेटावर तटबंदी बांधायला घेतली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ती अडवायला जहाजं पाठवली होती. वारा पडला की ती जहाजं जागच्या जागी, आणि मराठ्यांच्या उथळ होड्या वल्ही मारत त्यांच्या बाजूनं बेटावर सामान पोचवायच्या. हा इतिहास मी अभिमानानं सांगितला. "मग आपण यात कोण?" मेव्हण्यानं विचारलं. आमच्याकडं वल्ही नव्हती. म्हणजे आम्ही इंग्रज ठरलो.

खांदेरीच्या वेताळाला कोळी नवस बोलतात. मेव्हणा वाऱ्यासाठी नारळ बोलला, पण दिशा सांगायची विसरला. अर्ध्या तासात वारा आला, तो वायव्येचा. मग आमची नागमोडी चाल सुरू झाली : थोडा वेळ थेट समुद्रात, मग तोंड फिरवून मांडव्याच्या दिशेनं. प्रत्येक फेरीत कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्सचं दीपगृह एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं दिसायचं. जवळ येताना मात्र दिसत नव्हतं.

बंदराच्या तोंडाशी पोचलो तेव्हा नांगरलेल्या सगळ्या जहाजांनी मुंबईकडं तोंडं केली होती. मेव्हण्याला ते स्वागत वाटलं. कप्तान म्हणाले, "ओहोटी लागली." नांगरलेलं जहाज प्रवाहाकडं तोंड करून उभं राहतं. मोठ्या उधाणाला इथं पाणी चार मीटरहून अधिक चढतं, आणि तेवढंच सगळं बाहेर निघतं, आम्हाला बरोबर घेऊन. शिडं फुगलेली, बोट पाणी कापत चाललेली, आणि गेटवे हळूहळू लहान होत होतं. रो-रो बोट मांडव्याहून निघाली, बटाटेवडे खाणारे प्रवासी आम्हाला हात हलवून गेले. भाऊच्या धक्क्यावर गाड्या उतरवून, नव्या चढवून ती परत आली, तेव्हा आम्ही जवळजवळ त्याच ठिकाणी होतो. यावेळच्या प्रवाशांनी फोटो काढले.

"ताईला काय सांगू?" मेव्हण्यानं विचारलं.

"सांग, मुंबई दिसतेय."

"ते मी सकाळी अकरालाच सांगितलंय."

रात्री भरती लागली आणि तिनं आम्हाला निमूटपणे गेटवेसमोर नेऊन ठेवलं. सुरमई शेजाऱ्यांकडं गेली होती.

तुम्ही शिडावर घरी येणार असाल तर एवढं ऐका. भरती-ओहोटीचं कोष्टक पंचांगापेक्षा भक्तीनं वाचा, आणि घरच्यांना वेळ सांगू नका. दिवस सांगा, तोही भांगाचा, कारण तेव्हा ओढ कमी असते. वेळच पाळायची असेल, तर मांडव्याला उतरा आणि रो-रो पकडा. तासाभरात पोचाल, वडाही मिळेल.