घराण्यातील जलपराक्रम

नातवाला पोहण्याच्या शर्यतीत उतरविण्यामागे त्याच्या प्रकृतीचा विचार आहे, असे मी जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीच्या वसाहतीतील यच्चयावत सद्गृहस्थांना सांगत असे. वास्तविक, कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवून जलतरणपटू खजानसिंगांनंतरचा चोवीस वर्षांचा पदकांचा दुष्काळ संपविला, तेव्हापासून कोल्हापूरला जे साधले ते जवाहरनगरला का साधू नये, आणि साधायचेच तर ते आमच्याच घराण्याला का साधू नये, हा प्रश्न माझ्या अंतःकरणात ठाण मांडून बसला होता.

घराण्याची सनद माझ्यापाशी होतीच. लहानपणी मी गावचा मालगुजारी तलाव आरपार पार केला होता. महिना वैशाखाचा होता. पाणी कुठवर होते, याची नोंद दप्तरात नाही.

या तलावांचा विषय निघाला की मला आवरणे घरच्यांना साधत नाही. जमिनीच्या उताराची अचूक पारख असलेल्या कोहळ्यांनी घातलेल्या त्या मातीच्या पाळी, तुडूम उघडताच धानाच्या बांध्यांत शिरणारे पाणी, आणि १९५१ साली मालगुजारी गेल्यावर सरकारजमा होऊन साऱ्या मुलखाला मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणून ठाऊक झालेले ते जलाशय! तिथे ढिवरांची पोरे अडकलेले जाळे सोडवायला ज्या सहजतेने बुडी मारतात, तिच्यासाठी स्पर्धेच्या अर्जात रकाना नाही. तो अर्ज त्यांच्या दारी नेणारा इसमही मला अद्याप भेटलेला नाही. आणि नातवाचा अर्ज तीन प्रतींत भरणाऱ्या मलाही ते कधी सुचले नाही.

असो. नागपूरच्या तरणतलावावर शिक्षकांनी मुलांना प्रथम पाण्यात तोंड घालून नुसते बुडबुडे काढायला लावले. मी अदबीने वेळेची पृच्छा केली.

"काका, आधी त्याला श्वास सोडू द्या."

पुढे मुले काठाला धरून पाय मारू लागली, तरंगू लागली, आणि पंचवीस मीटरच्या शर्यतीचा दिवस उगवला. शेजारी एक गृहस्थ नाकात पाणी जाऊन कासावीस झालेल्या सहा वर्षांच्या लेकीला पुसण्याऐवजी तिच्यापुढे घड्याळ नाचवून सेकंदाच्या शतांशाचा हिशेब मागत होते. मला त्यांचा मनस्वी संताप आला. मात्र तो व्यक्त करण्यासाठी मला माझे घड्याळ आधी खिशात घालावे लागले.

शिट्टी झाली. आमचे नातू निम्मे अंतर उत्तम गेले, आणि पलीकडच्या पोराचा चष्मा निसटलेला पाहून, दोरीला लटकून, तो त्याच्या डोळ्यांवर नीट बसवीत राहिले. त्या पोराचा क्रमांक तिसरा आला.

"आबाजी, त्याले दिसतच नव्हतं ना!"

मी त्याचे डोके पंच्याने पुशीत राहिलो. बोलायला काही सुचेना. सायंकाळी वसाहतीत मात्र वाचा परतली आणि चौथ्या क्रमांकाची वार्ता मी घरोघर पोचविली. स्पर्धक एकंदर किती होते, हे सांगणे मला अप्रस्तुत वाटले.