तीनशेचार नंबरचे काका

अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळात काही माणसं ठरलेली असतात. एक जण मुंबईच्या तिकिटांचे आजचे भाव तोंडपाठ सांगतो. एक जण नाटकाच्या मध्यंतरात माइकवाल्याला चार शब्द सुनावून येतो. एक जण कुणाच्याही नव्या घरी गेला की चहा यायच्या आत घराची किंमत विचारतो. आणि एक जण गॅरेजमध्ये बिअर करतो. न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळात हे चौथं खातं ज्यांच्याकडे आहे, त्यांना सगळे 'तीनशेचार काका' म्हणतात. तोंडावरसुद्धा. त्यांना ते आवडतं.

३०४ ही स्टेनलेस स्टीलची जात. साधारण अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल. काकांच्या खिशात कायम एक छोटं चुंबक असतं. सत्यनारायणाला बोलवा, बारशाला बोलवा, काका आधी पातेल्याला चुंबक लावून पाहतात. चिकटलं नाही तर "चांगलं आहे हो वहिनी" म्हणतात, आणि चिकटलं तर काही न बोलता पुढच्या पातेल्याकडे वळतात. ते न बोलणं यजमानीणबाईंना फार लागतं. वास्तविक चुंबकाने ३०४ आणि स्वस्तातलं २०२ यांतला फरक कळत नाही, दोन्हींना ते बहुतेक चिकटत नाहीच. हे काकांनीच आम्हाला तासभर समजावून सांगितलंय. तरी चुंबक खिशात असतंच.

काका मूळचे मेकॅनिकल इंजिनियर. शिकले पुण्यात, अमेरिकेत आले, आणि नोकरीत चढत चढत अशा जागी पोचले जिथे दिवसभर फक्त मीटिंगा असतात. वीस वर्षांत हाताला पाना लागला नाही. अशा माणसाचं काय होतं, ते त्यांच्या गॅरेजमध्ये जाऊन पाहावं. गाड्या बारा महिने बाहेर, बर्फातसुद्धा. आत ड्रिल, ग्राइंडर, कानशी, आणि मधोमध बिअरचं ते भांडं.

सुरुवात साधी होती. दुकानातून प्लास्टिकची बादली, मॉल्टचा पाक, हॉप्स आणि यीस्टची पुडी आणून त्यांनी पाच गॅलन बिअर केली. म्हणजे एकोणीस लिटर, पन्नासेक बाटल्या. ती चांगली झाली होती! आम्ही सगळ्यांनी प्यायली, पुन्हा मागितली. इथेच थांबायला हवं होतं, असं वहिनी, म्हणजे काकांच्या पत्नी, अजून म्हणतात. पण काकांनी कुठेतरी वाचलं, की प्लास्टिकवर चरे पडतात आणि चऱ्यांत जंतू दडून बसतात. मग काचेचा मोठा बुधला आला. काच निसटून फुटली तर हातापायाच्या शिरा कापल्या जातात, हे काकांनी मग वाचलं. एकदा माणूस असं वाचायला लागला की त्याचा शेवट स्टेनलेस स्टीलमध्येच होतो.

तयार स्टीलचे फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायची भांडी, बाजारात मिळतात. चकचकीत, खाली निमुळते, चाकांवर उभे. काकांनी किंमत पाहिली आणि म्हणाले, "एवढे पैसे? हे तर मी घरी करीन." मराठी माणसाचं हे वाक्य कुठल्याही देशात, कुठल्याही उत्पन्नात तेच असतं. त्यांनी हॉटेलवाल्यांच्या दुकानातून पन्नास लिटरचं जाड बुडाचं पातेलं आणलं. (चुंबक लावून.) पुढे ते पातेलं धरून ग्राइंडर, वेल्डिंगचा क्लास, आर्गॉनचा सिलिंडर, व्हॉल्व्ह, क्लॅम्प असा जो खर्च झाला त्यात तयार फर्मेंटर दोन आले असते. पण तो हिशेब काका मांडत नाहीत. यंत्रं तर घरात राहतातच ना, असं म्हणतात.

स्टीलला भोक पाडताना काकांना पाहावं. एरवी टेबलटेनिसमध्येसुद्धा चिडणारा माणूस तिथे एखाद्या गवयासारखा शांत होतो. स्टेनलेसचा स्वभाव असा, की ड्रिल जोरात फिरवलं आणि दाब कमी दिला तर बिट नुसती घासते, धातू तापतो आणि घासला गेला की जागच्या जागी आणखी कडक होतो. मग बिट जळते, भोक पडत नाही. म्हणून वेग कमी, दाब भरपूर, आणि तेलाचा थेंब सतत. काका पातेलं आडवं घालतात, त्यावर गुडघा टेकतात, पायऱ्यापायऱ्यांची निमुळती बिट लावतात आणि श्वास रोखून दाबतात. कीस निघतो तो लांब, चमकता, गुंडाळी होत होत. तो त्यांनी एका बरणीत जपून ठेवलाय. पाहुण्यांना दाखवतात. "एकसंध आहे, तुटला नाही," म्हणतात. आपण काय म्हणायचं? "वा" म्हणायचं.

पहिलं भोक खालच्या तोटीचं. दुसरं तापमापीच्या नळीचं. तिसरं झाकणाला, एअरलॉकसाठी. आंबताना कार्बन डायॉक्साइड निघतो. एअरलॉकमधल्या पाण्यातून तो बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. ते बुडबुडे पाहणं हा घरी बिअर करणाऱ्यांचा टीव्ही. पहिल्या घाण्याला सगळं पातेल्यात घातलं, यीस्ट टाकलं, झाकण लावलं आणि काका उलट्या बादलीवर बसले. रात्र झाली, बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी ऑफिसला फोन करून घरूनच काम करतो म्हणून सांगितलं. चेहरा असा, की शेजारची गोरी बाई वहिनींना विचारून गेली, घरात कुणी गेलंय का.

वहिनी एकदाच गॅरेजमध्ये आल्या. झाकणाच्या कडेवरून ओला हात फिरवला, म्हणाल्या, "इथून हवा जातेय. रिंग सैल असली की कुकरची शिट्टी होत नाही, म्हणून भात शिजायचा राहतो का?" आणि परत गेल्या.

काकांनी हायड्रोमीटर सोडून पाहिला. सुरुवातीला जो १.०५० दाखवत होता तो १.०१२ वर आला होता. साखर संपली होती, पाच टक्के अल्कोहोल तयार झालं होतं, यीस्ट आपलं काम उरकून तळाशी जाऊन बसलं होतं. बिअर झाली होती. दुसऱ्या कुणी बाटल्या भरल्या असत्या. काकांनी व्हर्नियर घेऊन घरातले सगळे कुकर, डबे आणि फ्रीजचं दार मोजलं. एकही रिंग बसेना. शेवटी सिलिकॉनची नळी लांबीत चिरून पातेल्याच्या काठावर चढवली, वरून क्लॅम्प आवळले. पुढच्या घाण्याला बुडबुडा आला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ त्याच वेळी आला.

तरी समाधान नाहीच. पातेल्याचं बूड सपाट, म्हणजे गाळ सगळीकडे पसरतो. काकांनी आधी एका बाजूला लाकडाची पाचर सारून पातेलं कलतं ठेवलं. पण मन साठ अंशांच्या शंकूत अडकलं होतं. कोन तेवढा तीव्र असला की यीस्ट घसरून खाली जमतं आणि खालच्या व्हॉल्व्हने काढून टाकता येतं. त्यासाठी स्टीलचा नरसाळ्यासारखा हॉपर मागवला आणि तो जोडायला काका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी टिग वेल्डिंग शिकायला जाऊ लागले. वर्गातली पोरं त्यांना 'सर' म्हणत. या काळात काकांशी दुसऱ्या विषयावर बोलणं अशक्य होतं. वेल्ड करताना आतल्या बाजूलाही आर्गॉन सोडावा लागतो, नाहीतर आतून काळी, खडबडीत पापुद्र्याची पट्टी येते आणि तिच्यात जंतूंची वसाहत होते, हे मला एका साखरपुड्यात ऐकावं लागलं, जेवणाच्या रांगेत. वेल्ड झाल्यावर तो जोड सायट्रिक ॲसिडने धुवायचा, म्हणजे क्रोमियमचा संरक्षक थर पुन्हा धरतो. वहिनींची लिंबूसत्वाची बरणी तेव्हापासून गॅरेजमध्ये आहे.

कायद्याचंही काकांना सगळं ठाऊक असतं. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायची मुभा मिळाली, बिअर राहून गेली. ती मुभा द्यायला १९७८ साल उजाडलं. कार्टरसाहेबांनी ऑक्टोबरमध्ये सही केली. तेव्हापासून केंद्राच्या नियमाप्रमाणे एक प्रौढ असलेल्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची मात्र नाही. वहिनी बिअरचा थेंब घेत नाहीत, त्यांना वासही सहन होत नाही. पण सरकारदरबारी शंभर गॅलन त्यांच्यामुळे आहेत, याची आठवण काका दर लग्नाच्या वाढदिवसाला काढतात. काकांच्या आई साताऱ्याहून सहा महिने राहायला आल्या तेव्हा कोटा वाढतो का, हेही त्यांनी पाहून घेतलं होतं. वाढत नाही.

त्यांच्या घरी बिअर प्यायला गेलात, तर आधी गॅरेजची प्रदक्षिणा. भांड्याच्या आत टॉर्च मारून जोड पाहायचा. मग ग्लास हातात येतो आणि काका तुमच्या तोंडाकडे बघत बसतात. बिअर बरी असते. कधी केळ्यासारखा वास येतो. तसं सांगितलं तर काका खूश होतात. आंबताना उष्णता वाढली की यीस्ट तो वास सोडतं, म्हणजे आतून थंड पाण्याची कॉइल फिरवायला हवी, म्हणजे झाकणाला आणखी दोन भोकं. बिअरमधला कुठलाही दोष काकांच्या मते भांड्यात असतो, आणि उपाय ड्रिलच्या पेटीत. त्यांचं स्वतःचं पिणं म्हणाल तर अर्धा ग्लास, तोही तापमान सांगत सांगत. उरलेली वाटून टाकतात, कारण भांडं रिकामं झाल्याशिवाय त्यात पुढचा बदल करता येत नाही.

निवृत्तीनंतर पुण्याला परतायचं आणि भांडं बरोबर न्यायचं, असं त्यांच्या मनात आहे. त्यांना आणि हे वाचून ज्यांचे हात शिवशिवू लागले असतील त्यांना सांगून ठेवतो: महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. परवान्याशिवाय बिअर बनवणं तर गुन्हा आहेच, मद्य बनवण्याच्या हेतूने भांडं बाळगणं हाही गुन्हा आहे. काकांवर खटला झालाच, तर साक्षीला मी येईन. भांडं होतं, हे मी कबूल करीन. पण हेतू बिअरचा होता, हे सरकारी वकिलाला सिद्ध करता येणार नाही.