गिऱ्हाइकापासून दुकान वाचवणाऱ्या शेठजींना खुले पत्र

श्री. शेठजी,
तांदळाचे व्यापारी, मुक्काम पोस्ट मौदा, जिल्हा नागपूर



पत्र उघडं लिहितो आहे, कारण बंद पाकिटातलं आपल्यापर्यंत पोचवण्याचे सगळे मार्ग करून झाले. आपल्या वेबसाइटवर 'संपर्क साधा' नावाचं पान आहे. तिथे मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, फोन लिहिला, 'जुना एचएमटी तांदूळ, तीन कट्टे' असं लिहिलं आणि बटण दाबलं. पान जरासं थरथरलं आणि मी लिहिलेलं सगळं पुसून कोऱ्या चेहऱ्याने पुन्हा समोर उभं राहिलं. तीनदा असं झालं. चौथ्यांदा लक्षात आलं, की हा बिघाड नसून धोरण आहे.

आणि धोरण म्हणून पाहू लागलो तेव्हा कुठे आपली थोरवी कळली. गिऱ्हाईक दुकानात आणणं कोणालाही जमतं. तो पैसे घेऊन, घरून निघून, गावात पोचूनही त्याला दुकान सापडू नये, याला मात्र डोकं लागतं.

पत्त्याचंच घ्या. आपल्या गावाचं नाव इंग्रजीत कसं लिहावं याची आधीच दोन घराणी आहेत. एनटीपीसीवाले 'एम-ओ-यू' असं सुरू करतात, जनगणनेच्या कागदात 'एम-ए-यू' असतं. शोधणारा यांतलं काहीही टाइप करील, म्हणून एखाद्या साध्या माणसाने दोन्ही स्पेलिंगं आणि शेजारी देवनागरीत 'मौदा' असं पानावर लिहून टाकलं असतं. आपण तिसरं घराणं काढलंत : एम-ओ-डी-ए. माझ्या पुण्याच्या जावयाने ते वाचलं आणि मला विचारलं, "मामाजी, 'मोडा' म्हणजे? काय मोडायचं आहे?"

त्याला म्हटलं, नकाशा लाव आणि जा. नकाशावर आपलं दुकान कन्हान नदीच्या पात्रात आहे. लेक-जावई हायवे सोडून नदीकडे उतरले. तिथे म्हशी होत्या. त्यांनाही आपलं दुकान ठाऊक नव्हतं. गूगलवर दुकानाची नोंद फुकट करता येते म्हणतात. दुकान आपलंच आहे हे एकदा पटवून दिलं, की ती लाल टाचणी बोटाने ओढून थेट आपल्या ओट्यावर आणून ठेवता येते. दहा मिनिटांचं काम. पण तसं केलं तर लोक ओट्यावर येतील, हा धोका आपण वेळीच ओळखलात. शिवाय 'चोवीस तास उघडे' असंही लिहून ठेवलंत. दुपारी एक ते चार आपण जेवून आडवे होता हे अख्ख्या मौद्याला माहीत आहे. माझ्या लेकीला माहीत नव्हतं. ती नदीवरून सव्वा वाजता पोचली आणि शटरचा फोटो काढून मला पाठवला. शटरवर आपला मोबाइल नंबर ठळक रंगवलेला आहे. वेबसाइटवर तो नाही. तिथे जुना लँडलाइन आहे, तोही चित्रात काढलेला, म्हणजे त्यावर बोट ठेवून फोन लागू नये. लागला असता तरी तो फोन आपण कधीच कापून टाकलात, हे आपण स्वतःच मला मागे सांगितलं होतं.

आता मुखपृष्ठाकडे येतो. ज्या गावात 2,320 मेगावॅटचं वीजकेंद्र उभं आहे, त्या गावातल्या दुकानाचं पहिलं पान उघडेपर्यंत मी चहा ठेवला, उकळला, गाळला आणि प्यायलो. मग पडद्यावर वरून खाली, गिरणीतून कोंडा पडावा तसं हळूहळू, एक शेत उतरलं. लेकीने तपासून सांगितलं, की तो एकच फोटो नऊ एमबीचा आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे तोच फोटो दीड-दोनशे केबीत बसवता येतो, डोळ्याला फरक कळत नाही. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे, असं गूगलचं माप आहे. हायवेवर एसटीत बसून, एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हातातल्या फोनवर पाहणाऱ्या माणसाला तेवढाच धीर असतो.

पण उशीर मी माफ केला. शेत पूर्ण उतरल्यावर जे दिसलं ते करू शकलो नाही. शेठजी, ते गव्हाचं शेत आहे. आपण तांदळाचे व्यापारी, चार पिढ्या धानात गेल्या, आणि दारात ओंब्या! धानाची लोंब दाण्यांच्या भाराने वाकते, गव्हाची ओंबी कुसळं उभारून ताठ असते, हे मला लहानपणी आपल्याच वडलांनी शिकवलं. फोटोखाली पाच गोरे लोक सूट घालून एकमेकांचे हात हलवत आहेत. यांतले आपले दिवाणजी कोणते?

त्यापेक्षा सकाळी नऊच्या सुमारास, उन्हं तिरपी असताना, दुकानासमोर उभं राहून फोनवर एक फोटो काढला असता तर? कट्ट्यांची थप्पी, तराजू, आणि तळहातावर घेतलेले चार प्रकारचे दाणे. पण नको. लोक दुकान ओळखतील.

भाषेच्या बाबतीत तर आपण सरकारलाही मागे टाकलंत. 2022 साली कायदा बदलला आणि दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानालाही पाटी मराठीत, इतर लिपीपेक्षा अक्षर लहान नसलेली, असा नियम झाला. आपली पाटी नियमाप्रमाणे मराठीत आहे. वेबसाइटवर मात्र आपण 'ग्लोबल लीडर इन अ‍ॅग्रो सोल्यूशन्स' आहात. मला तीन कट्टे तांदूळ पाहिजे होता, सोल्यूशन नको होतं. मराठीचं एक पान आहे, हे कबूल. ते ज्या पोराने बनवलं त्याने मजकूर लग्नपत्रिकेच्या दुकानात टाइप करून आणला असावा, कारण तो कृतिदेवमध्ये आहे. ज्याच्या फोनमध्ये तो फाँट नाही, त्याला 'तांदूळ' या शब्दाच्या जागी आर-के-ए-एन-डब्ल्यू-जी अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. ती म्हणजे मालगाडीच्या डब्याचा नंबर, असं मी बराच वेळ समजत होतो. अशा जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं फुकट मिळतात, मिनिटाभरात काम होतं आणि मग 'जुना तांदूळ मौदा' असं मराठीत शोधणाऱ्यालाही पान सापडतं. कृतिदेवमधलं पान गूगललाही मालगाडीच वाटतं. आपल्याला तेच हवं असेल तर हात लावू नका.

'आमच्याविषयी' या पानावर लॅटिन आहे. 'लोरेम इप्सम' ने सुरू होणारा तो परिच्छेद सिसेरोच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातून तोडूनमोडून घेतलेला. छपाईवाले जागा भरायला वापरतात आणि नंतर काढून टाकतात. आपण ठेवलात. चार पिढ्यांच्या दुकानाला शोभेल असं काहीतरी प्राचीन पाहिजेच.

इथे मला जरा थांबून बोलू द्या, कारण राग खरा इथला आहे.

गादीवर बसलेले आपण आणि वेबसाइटवरचे आपण, हे दोन वेगळे इसम आहेत. गादीवरचा माणूस मूठभर तांदूळ घेतो, दोन दाणे दाताखाली चावतो आणि सांगतो, "हा मागच्या सालचा आहे जी, पाणी जास्त पेते. नवा नेला तर पाणी कमी टाकजा, नाही तर गोळा होते." घरी किती माणसं, डबे किती, भात दोन्ही वेळा होतो की एकदाच, हे विचारून तो म्हणतो, "एक कट्टा दिवाळीपर्यंत पुरन." आजोबांना मधुमेह आहे म्हटलं तर जास्त विकायचं सोडून अर्धा कट्टा देतो. खिचडीला कणी सुचवतो. कट्ट्यात सोंडे होऊ नयेत म्हणून काय करायचं ते सांगतो, आणि पाहुण्यांसाठी चिनोर न्या, रोजच्याला कशाला, असंही बजावतो. हा माणूस वेबसाइटवर कुठे आहे? दिवसभरात लोक गादीसमोर जे दहा प्रश्न विचारतात ते आणि आपण जी दहा उत्तरं देता ती, कोणीतरी शेजारी बसून वहीत उतरवली तरी पान तयार होईल. त्यासाठी पोराला पैसे द्यायची गरज नाही. आपल्या नातीला सांगा. ती लिहील, आपण बोला. बोलाल तसंच लिहू द्या, 'पेते' चं 'पितो' करू नका.

भाव? भावाच्या रकान्यात प्रत्येक वाणासमोर एकच वाक्य आहे : 'भावासाठी संपर्क साधा.' भाव रोज हलतो, हे मलाही कळतं. म्हणून तर गादीमागच्या फळ्यावर आपण खडूने तारीख घालून भाव लिहिता. तोच फळा रोज सकाळी पानावर आला असता. आणि वजनही लिहायला हवं, कारण जुलै 2022 मध्ये 25 किलोपर्यंतच्या छापील पॅकबंद तांदळावर 5 टक्के जीएसटी लागला आणि बाजारात 26 किलोचे कट्टे आले. तेव्हापासून 'एक कट्टा' म्हणजे नेमके किती किलो, हे विचारल्याशिवाय बायको पैसे देत नाही.

बाकी बारीकसारीक. वरती सरकत जाणारी लाल ओळ अजून 2019 च्या दिवाळीच्या शुभेच्छा देते. पत्त्याच्या पट्टीत ब्राउझर 'असुरक्षित' असं दाखवतो. क्रोम जुलै 2018 पासून कुलूप नसलेल्या प्रत्येक साइटला तसं म्हणतं आणि ते कुलूप, म्हणजे प्रमाणपत्र, फुकट मिळतं. अक्षरं पांढऱ्यावर करड्या रंगाची आहेत, साठीच्या पुढच्यांनी वाचूच नयेत अशी. तळाशी आकडा येतो : 'आपण 217वे पाहुणे.' त्यांत नऊ वेळा मीच होतो.

एक गोष्ट मात्र थट्टेत सांगवत नाही. मी विचारलं होतं, वेबसाइटचं नाव कोणाच्या नावावर आहे? आपण म्हणालात, "त्या पोराच्याच असन, त्यानंच घेतलं." आपण रोज ज्या तांदळाचं नाव घेता त्याचीच गोष्ट आठवा. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी 1983 च्या सुमारास पटेल-3 च्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंबी पाहिल्या, त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले. वाण त्यांचा. नाव मात्र व्यापाऱ्याने ठेवलं, तेव्हा लोकांच्या मनगटावर जे घड्याळ होतं त्याचं : एचएमटी. पुढे कृषी विद्यापीठाने तो पीकेव्ही-एचएमटी म्हणून बाजारात आणला. 2005 साली राष्ट्रपतींच्या हातून दादाजींना पुरस्कार मिळाला. 2018 च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा त्यांचा तांदूळ घराघरांत होता आणि हाती पैसा नव्हता. पिकवणारा एक, नावाचा धनी दुसरा. आपल्या दुकानाच्या नावाचं तसं होऊ देऊ नका. नाव आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर, पासवर्ड आपल्या तिजोरीत. दर वर्षी नूतनीकरणाला हजाराच्या आतबाहेर लागतात. तारीख पंचांगावर लिहून ठेवा, सातबाऱ्याची काळजी घेता तशी.

पत्र लांबलं. यंदा धान निघालं की मीच येईन, चारनंतर. तोवर जुन्या एचएमटीचे तीन कट्टे बाजूला काढून ठेवावेत, ही विनंती.

आपला जुना गिऱ्हाईक,
पाहुणा क्रमांक 217

ता.क. : पत्र टाकायच्या आधी आणखी एकदा आपली वेबसाइट उघडून पाहिली. गव्हाचं शेत नाही, गोरे लोक नाहीत, लॅटिनही नाही. पांढऱ्या पानावर एवढंच लिहिलंय, की हे नाव विक्रीस आहे. म्हटलं, शेठजींच्या वतीने आपणच सोडवून घ्यावं. म्हणून किंमत पाहायला खाली गेलो. तिथे लिहिलंय : 'भावासाठी संपर्क साधा.'