मुलाखतीचे दादा

दादांना डेप्युटी कलेक्टरची पोस्ट मिळाली नाही, पण डेप्युटी कलेक्टर होऊ घातलेल्या माणसाने खुर्चीत कसं बसावं, हे त्यांच्याइतकं पुण्याच्या अख्ख्या शास्त्री रोडवर कुणाला ठाऊक नाही. पाठ टेकायची नाही. पण पाठ टेकलेली नाही हे पॅनलच्या लक्षातही येता कामा नये. हात मांडीवर. मुठी वळल्या की पोरगं घाबरलंय, बोटं गुंफली की काहीतरी लपवतंय, आणि हात टेबलावर आले की हा आत्ताच स्वतःला साहेब समजायला लागलाय.

सदाशिव पेठ आणि नवी पेठेतल्या प्रत्येक अभ्यासिकेत असा एक दादा असतो. तो घडतो कसा, ते सांगतो. एमपीएससीच्या राज्यसेवेची पूर्व निघते, मुख्य निघते, मुलाखत होते आणि अंतिम यादीत नाव चार-पाच मार्कांनी हुकतं. एकदा असं झालं की तो ‘मुलाखत दिलेला मुलगा’ होतो. दुसऱ्यांदा झालं की दादा. तिसऱ्या खेपेनंतर लोक सर म्हणायला लागतात. सर होणं म्हणजे क्लास काढणं आणि क्लास काढणं म्हणजे फॉर्म भरणं बंद. म्हणून आमचे दादा सर म्हटलेलं अजिबात चालवून घेत नाहीत. खुल्या गटाला वयाची अट ३८ आहे, हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगतात.

राज्यसेवेची मुलाखत बरीच वर्षं १०० मार्कांची होती, मुख्य ८०० ची. आता यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक पद्धत आली. मुख्य १७५०, मुलाखत २७५, एकूण २०२५, आणि ती लागू झाली तीही २०२५ पासून. हा योगायोग दादांना फार आवडतो. खरं तर ही पद्धत २०२३ पासूनच यायची होती, पण पोरं पुण्यात रस्त्यावर बसली आणि ती पुढे गेली. दादाही बसले होते. एका चॅनेलवाल्याने माईक पुढे केला, तेव्हा भर घोषणाबाजीत दादा म्हणाले, ‘दोन्ही पद्धतींचे आपापले गुणदोष आहेत.’ ती बाईट कुठेही लागली नाही.

मुख्यचा निकाल लागला की दादांचा सीझन सुरू होतो. अभ्यासिकेखालच्या टपरीवर संध्याकाळी पोरं बायोडेटाची झेरॉक्स घेऊन उभी राहतात. दादा खिशातून लाल पेन काढतात आणि वाचायला सुरुवात करतात ती शेवटच्या ओळीपासून, म्हणजे छंदापासून.

‘ट्रेकिंग. कळसूबाई केलंय का?’

‘हो दादा.’

‘उंची?’

‘सोळाशे सेहेचाळीस मीटर.’ पोरगं पाठ करून आलेलं असतं.

‘तालुका?’

‘अकोले.’

‘पायथ्याला गाव कोणतं?’

‘बारी.’

‘बारीत उतरल्यावर काय खाल्लंस?’

पोरगं गप्प.

‘बघ. उंची कुणीही सांगतं. पॅनलमधल्या एखाद्या साहेबांनी तिथं पिठलं-भाकरी खाल्लेली असते आणि त्यांना तेवढंच आठवत असतं. शनिवारी जाऊन ये.’

पोरगं खरंच जाऊन येतं. दादा स्वतः कळसूबाईला कधी गेलेले नाहीत. त्यांचा छंद ‘स्वयंपाक’ आहे आणि ते बारा महिने मेसमध्ये जेवतात. ‘वाचन’ हा छंद मात्र ते कुणालाही लिहू देत नाहीत. शेवटचं वाचलेलं पुस्तक कोणतं, या प्रश्नावर एकाने ‘लक्ष्मीकांत’, म्हणजे परीक्षेचंच राज्यघटनेचं पुस्तक, असं उत्तर दिलं होतं.

दादांचं खरं संशोधन मात्र ‘माहीत नाही’ या उत्तरावर आहे. त्यांच्या मते राज्यसेवेत सिलेक्शन माहीत असलेल्या उत्तरांवर होत नाही. ती सगळ्यांनाच येतात. माहीत नसलेलं कसं सांगता, त्यावर पोस्ट ठरते. मान खाली घालून सांगितलं तर क्लार्क. ‘आत्ता आठवत नाही’ म्हटलं तर खोटारडा, कारण पुढचा प्रश्न हमखास ‘मग कधी आठवेल?’ असा येतो. चेहऱ्यावर किंचित हसू ठेवून, प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघून, एका दमात ‘माहीत नाही सर’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. बोलण्यापेक्षा हे गप्प बसणं अवघड. दादा त्याची तालीम घेतात. टपरीच्या बाकड्यावर पोरं ओळीने बसून ‘माहीत नाही सर’ म्हणत असतात आणि दादा एकेकाला ‘अजून थोडं अभिमानानं’ अशी सूचना देत फिरतात. शेजारच्या अमृततुल्यवाल्याला एकदा कुणी पत्ता विचारला, तर तोही अगदी त्याच सुरात ‘माहीत नाही सर’ म्हणाला.

दादांकडे एक नेव्ही ब्लू ब्लेझर आहे, लक्ष्मी रोडवर घासाघीस करून घेतलेला. मुलाखतीच्या दिवसांत तो पोरापोरांत फिरत असतो. दादांपेक्षा त्या ब्लेझरने जास्त मुलाखती दिल्यात आणि सिलेक्शनही त्याचंच जास्त वेळा झालंय. एक उपजिल्हाधिकारी आणि दोन नायब तहसीलदार त्यातून निघालेत. खिशात अजून एका मुख्याधिकाऱ्याच्या लग्नाची अक्षता सापडते. ड्रायक्लीनिंगचं बिल मात्र प्रत्येक वेळी दादाच भरतात.

आता दादांच्या स्वतःच्या मुलाखतीविषयी. दादा मूळचे मंगळवेढ्याचे. मंगळवेढ्याच्या माणसाला पॅनल दोन गोष्टी विचारल्याशिवाय सोडत नाही: ज्वारी आणि दामाजी. ज्वारीचं दादांनी चोख सांगितलं. मालदांडी, काळी जमीन, २०१६ सालचं जीआय मानांकन. पॅनलमधल्या मॅडम माना डोलवत होत्या. मग अध्यक्षांनी चष्मा काढला.

‘दुष्काळात दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारं लोकांना उघडून दिली. परवानगी न घेता. तुम्ही त्यांच्या जागी तहसीलदार असता, तर काय केलं असतं?’

या प्रश्नाची दादा आठवीपासून वाट बघत होते. ते म्हणाले, ‘सर, मानवतावादी दृष्टिकोन आणि प्रशासकीय शिस्त यांचा समतोल साधून, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मधल्या तरतुदींना अनुसरून मी वरिष्ठांकडे तातडीने प्रस्ताव पाठवला असता.’

‘प्रस्ताव घेऊन घोडेस्वार बिदरला जाऊन परत कधी येईल?’

‘सर, साधारणपणे...’

‘तोपर्यंत लोकांनी काय खायचं?’

दादांच्या चेहऱ्यावर किंचित हसू होतं. डोळेही प्रश्न विचारणाऱ्याकडेच होते. ‘माहीत नाही सर,’ ते एका दमात म्हणाले.

हा किस्सा दादा स्वतःच सांगतात, तोही रंगवून. ‘पण दादा, उत्तर चुकलं कुठं?’ असं एखादं नवं पोरगं विचारतं. ‘चुकलं नाही ना,’ दादा म्हणतात, ‘तोच तर घोळ झाला.’ पुढे त्यांच्याच तालुक्यातला एक मुलगा मुलाखतीला निघाला, तेव्हा दादांनी त्याला हाताला धरून बाजूला नेलं. ‘दामाजी विचारतील. कोठार उघडतो म्हण. नोटीस आली की घेईन म्हण. पुढचं काही बोलू नकोस.’ ब्लेझरमधल्या दोन नायब तहसीलदारांपैकी एक तो.

समतोलाची सवय मात्र दादांच्या हाडीमाशी खिळली. मेसच्या काकूंनी ‘भाकरी वाढू का पोळी?’ विचारलं, तरी दादा आधी दोन्हींचं महत्त्व मान्य करतात. तेवढ्यात काकू पुढच्या ताटाकडे गेलेल्या असतात. गावी आईने एकदा कांदेपोह्यांचा कार्यक्रम ठरवला होता. दादा दारात थांबले, ‘आत येऊ का सर?’ म्हणाले, ‘बसा’ म्हणेपर्यंत उभे राहिले आणि पाठ न टेकता बसले. मुलीच्या वडिलांना वाटलं, मुलाला पाठदुखी आहे. इतपत ठीक होतं. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला, ‘डिग्री होऊन बरीच वर्षं झाली. सध्या काय करता?’ बायोडेटातल्या गॅपचा प्रश्न! दादा त्यावर अर्धा तास इतकं सुरेख बोलले, की मुलीचे वडील भारावून गेले आणि त्यांनी मुलगी दुसरीकडे दिली.

सिलेक्ट झालेली पोरं दादांना विसरत नाहीत, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण उलटं ऐकायची आपल्याला सवय आहे. पेढे येतात, गाडी घेऊन भेटायला येतात. कामालाही येतात. एकदा रात्री अकराला एका तहसीलदाराचा फोन आला. ‘दादा, उद्या विधिमंडळाची समिती येतेय आमच्याकडे. एक मॉक घेता का?’ दादांनी फोन स्पीकरवर टाकला आणि पाऊण तास तहसीलदाराला फैलावर घेतलं. पाणंद रस्ते, वाळू, अपूर्ण पंचनामे, सगळं काढलं. शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, ‘दादा, समिती एवढं नाही हो विचारत.’

आणि मग दादांचीही पोस्ट निघाली. एसटीआय, म्हणजे राज्य कर निरीक्षक. संयुक्त परीक्षेतून पीएसआय होणाऱ्याला ४० मार्कांची मुलाखत असते. एसटीआयला मुलाखतच नसते. लेखीच्या मार्कांवर यादी लागते. दादांना कुणी ‘आत या’ म्हटलं नाही, बसवलं नाही, दामाजी विचारला नाही आणि ते थेट लागले. त्या रात्री टपरीवर गुलाल उडाला. पण दादांच्या आनंदात कुठेतरी, बक्षीस घ्यायला गेलेल्या पैलवानाला कुस्ती न करताच फेटा बांधावा, तशी एक चुटपुट होतीच.

आठ दिवसांत गांजवे चौकात फ्लेक्स लागला. दादांचा मोठा फोटो आणि खाली, ‘आमच्या मुलाखत मार्गदर्शन कार्यक्रमाचे यशस्वी विद्यार्थी’. पन्नास पावलांवर दुसऱ्या एका अकॅडमीचा फ्लेक्स, तोच फोटो, तोच मजकूर. पोरं भडकली. ‘दादा, ज्याला मुलाखतच नाही त्याचं मार्गदर्शन कसलं? काढायला लावा!’

‘हे बघा,’ दादा शांतपणे म्हणाले, ‘त्यांचीही एक बाजू असते. जाहिरात हा...’ आणि बोलता बोलता ते फ्लेक्सच्या जवळ गेले. फॉर्मवरच्या फोटोत दादा साध्या शर्टात होते. फ्लेक्सवाल्याने गळ्याखाली दुसराच कुठलातरी कोट चिकटवला होता. दादांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

‘बटणं डावीकडे आहेत,’ ते म्हणाले. ‘लेडीज कोट घातलाय मला.’

तिथेच उभं राहून त्यांनी अकॅडमीला फोन लावला. पुढची दहा मिनिटं दादा जे काही बोलले, त्यात समतोल औषधालाही नव्हता.