ट्रिपवाले काका

भोसरी-चाकणपासून हडपसरपर्यंत कुठल्याही मोठ्या कारखान्यात एक काका असतातच. हुद्दा सीनियर फोरमन. निवृत्ती तोंडावर आलेली, किंवा निवृत्त होऊन कंत्राटावर परत आलेले. खिशात टेस्टर, काखेत डायरी आणि चेहऱ्यावर ‘तुम्हाला सांगून उपयोग नाही’ हा भाव.

नेमाने बंद पडणारं यंत्र कोणीही दुरुस्त करतं. काकांचा प्रांत मनात येईल तेव्हा बंद पडणाऱ्यांचा. मोठा काँप्रेसर तिसऱ्या पाळीत दोनदा ट्रिप होतो आणि सकाळी सर्व्हिस इंजिनिअर आला की दिवसभर निमूट चालतो. ‘गुरुवारी मात्र कधीच ट्रिप होत नाही,’ असं निरीक्षण मॅनेजरसाहेब मीटिंगमध्ये गंभीरपणे मांडतात. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते, हे काका सांगत नाहीत. डायरीत लिहून ठेवतात.

त्यांना बोलावणं जाईपर्यंत सगळ्यांचे निकाल लागलेले असतात. इलेक्ट्रिकलवाले म्हणतात, ऑइल प्रेशर. मेकॅनिकलवाले म्हणतात, महावितरणचा व्होल्टेज. इन्स्ट्रुमेंटवाले म्हणतात, ट्रिपचं सेटिंगच थोडं वाढवून टाकू. काँप्रेसर बनवणाऱ्या हडपसरच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकची स्थापना १९५८ सालची. तेव्हापासून काँप्रेसर आपल्याला जन्मतःच कळतो, अशी पुणेकराची समजूत असावी.

काका येतात. यंत्राकडे बघतही नाहीत.

“रीसेट कोणी दाबलं?”

शांतता.

“रिलेवर ट्रिपचं कारण दाखवणारा फ्लॅग कुठला पडला होता?”

“काका, प्रॉडक्शन थांबलं होतं, म्हणून लगेच...”

“म्हणजे खून झाला आणि तुम्ही आधी फरशी पुसलीत.”

मग नव्या ट्रेनीची शिकवणी सुरू होते. ट्रिप झाली की क्षणात पंधरा-वीस अलार्म येतात. मशीन थांबल्यावर ऑइल प्रेशर पडणारच. त्याला धरून काय उपयोग? सगळ्यात आधी आला तो गुन्हेगार, बाकीचे बघे. आणि ६.६ केव्हीची मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. गरम मोटर लागोपाठ सुरू करत राहिलात तर वाइंडिंग जळेल आणि मग काँप्रेसर खरंच ट्रिप होणार नाही, कारण तो चालूच होणार नाही.

इतकं बोलून झालं की काका ट्रेंड उघडायला लावतात. बेअरिंगचं तापमान तासन् तास ६५ अंश, मग एका क्षणात १८०, ट्रिप, आणि लगेच पुन्हा ६५. सगळे चिंतेत. काका खूश.

“एवढं लोखंड एका सेकंदात तापतं? आणि पुढच्या सेकंदाला निवतं?”

तापमान मोजणाऱ्या पीटी-१०० चा रोध शून्य अंशाला १०० ओहम आणि दर अंशाला साधारण ०.३८५ ओहमने वाढतो. एका तारेचा स्क्रू सैल असला तर तिथला रोध मधूनच वाढतो आणि रिलेला बेअरिंग पेटल्यासारखं दिसतं. काँप्रेसर लोडवर आला की थरथरतो, स्क्रू हलतो. तपासायला मशीन थांबवलं की सगळं ठीक! काका जंक्शन बॉक्स उघडतात, एकेक तार हलक्या हाताने ओढून बघतात आणि दोषी स्क्रूला अर्धा फेरा देतात. नव्या रिलेचं कोटेशन मागवून बसलेले साहेब हिरमुसतात. एवढी मोठी मीटिंग अर्ध्या फेऱ्यासाठी?

पण काका तेवढ्यावर ‘झालं’ म्हणत नाहीत. “आज चालला म्हणजे बरा झाला असं नाही. पंधरा दिवस नोंद ठेवा.” आणि जाताना पॅनेलवर स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवतात: ‘रीसेट दाबण्यापूर्वी फ्लॅग लिहून घ्यावा. बोट आपले असले तरी मोटर कंपनीची आहे.’

तुमच्या कारखान्यात असे काका असतील तर निरोप समारंभाला शाल-श्रीफळ द्याच. पण त्याआधी त्यांची डायरी उतरवून घ्या. आणि तोवर कृपा करून रीसेटला हात लावू नका.