मास्तरांच्या घरचा समुद्र

"काय वहिनी, ऐकलं का? मास्तरचा पोट्टा घरात समुद्र आणून राहिला!"

शेजारच्या काकू कुंपणाच्या बांबूंवर ओले कपडे टाकत होत्या. एका कपड्यामागे एक बातमी, हा त्यांचा रोजचा हिशेब. मी मूळची रत्नागिरीची, लग्न होऊन हेमलकशाला आलेली. त्यामुळे समुद्राचा विषय निघाला की तो माझ्याच दारात येतो.

"समुद्र नाही हो, माशांची टाकी. ते नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे, नीमोच्या सिनेमातले."

"तेच ते. पण पाण्यात मीठ कायले टाकते म्हणे? आपल्या पामुलगौतमचं पाणी काय वाईट आहे?"

"गोडं पाणी त्यांना सोसत नाही. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ लागतं."

काकूंच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. "शंभर लिटरची टाकी आहे म्हणते. म्हंजे साडेतीन किलो! लोणच्याच्या दिवसातबी मले एवढं लागत नाही."

"तेही किराणा दुकानातलं चालत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम असं सगळं घातलेलं वेगळं मीठ मागवायचं. बोअरचं पाणी नको, आरओचं हवं. आणि एवढं करून मासे लगेच सोडायचे नाहीत. चार-सहा आठवडे टाकी नुसती चालवायची."

"बिनमाशाची?"

"हो. माशांच्या घाणीचा अमोनिया होतो आणि तो त्यांनाच मारतो. तो पचवणारे जिवाणू आधी दगडांवर, वाळूत वाढावे लागतात."

"म्हंजे सून यायच्या आधी सैपाकघर लावून ठेवणं."

"अगदी! आणि पाणी आटलं की वरून साधंच घालायचं. मीठ काही उडून जात नाही, मागे राहतं. दरवेळी खारं ओतलं तर मासे गेलेच."

काकूंनी पिशवीतून पुढचा कपडा काढला. त्यांना आता खरं काही तरी हवं होतं, म्हणून मी आवाज जरा खाली आणला.

"यांच्या घरची भानगड ऐका. हे नीमोवाले जन्मतात तेव्हा सगळे नर. टोळक्यातला सगळ्यात मोठा मादी होतो, त्याच्या खालचा तिचा नवरा. बाकीचे गप्प राहतात, फार वाढतही नाहीत. मालकीण मेली की नवराच मादी होतो आणि उरलेल्यांतला एक त्याच्या जागी येतो."

"अवो बाप्पा! अन् अंडे कोण पाहते?"

"मुख्यतः बापच. पंखांनी वारा घालत बसतो, खराब झालेली वेचून टाकतो."

"हाव? मंग एक जोडी आमच्या घरी पाठवाले सांगा. आमच्या ह्यायले दाखवतो."

हसू ओसरल्यावर मी म्हटलं, "गंमत खरी, पण समुद्रातले मासे असे घरात कोंडणं मला काही पटत नाही. हे नीमोवाले, म्हणजे क्लाउनफिश, आता हॅचरीतही जन्मतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ते तंत्र आपल्याकडे बसवलंय. पण निळे-पिवळे सर्जन मासे वगैरे बहुतेक प्रवाळांतूनच धरून आणलेले. आपल्या हेमलकशाच्या प्रकल्पातल्या प्राण्यांच्या अनाथालयात शिकारीत आई गेलेली पिल्लं आली, त्यांना घर उरलेलं नव्हतं. इथं घर असलेल्यालाच उचलून आणायचं!"

"अन् तो घोड्याच्या तोंडाचा मासा?"

"त्याचं नावही काढू नका. समुद्रघोडे आणि प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत. मास्तरांच्या दारात वनखात्याची गाडी उभी राहील."

"पण लाईनचं काय करते तो? इथं ढग आला का लाईन जाते."

काकूंनी नेमकं बोट ठेवलं. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं, पण तिथं रस्ता ओलांडला की समुद्र. इथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि या माशांना पाणी हवं २४ ते २७ अंशांचं. पंप बंद पडला, पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. मासे वर येऊन तोंड उघडतात, आणि आपण काचेबाहेर पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर, आलापल्लीकडचे नाले भरलेले. मीठ संपलं तर कुठून आणणार?

"मी सांगतलं न त्याले," काकू म्हणाल्या. "म्हटलं, बाबू, इंद्रावतीचा मरळ सोड. फुकटचा."

"खरंच चांगलं सांगितलंत! मरळ वर येऊन हवेतला श्वास घेतो, लाईट गेली तरी त्याचं फारसं अडत नाही. फक्त टाकीवर जड झाकण ठेवायला सांगा, उडी मारून बाहेर येतो."

"अन् टाकीत मावला नाही तर?"

"मग नदीत सोडायचा."

"नदीत कायले?" काकूंनी रिकामी बादली उचलली. "मले आवाज द्यायचा. मसाला वाटूनच असते."